चुकलं, पदरात घ्या

पाटलाला वकील मीच मिळवून दिला. लोक म्हणाले, काय मोठं मन! मन कसलं डोंबलाचं, मला त्याची शिक्षा पक्की हवी होती.

माझा थोरला भाऊ वडिवळ्याला भातशेती करायचा. पाटलाने राखीव रानातले साग तोडून विकले आणि फॉरेस्टवाले आले तेव्हा बोट दाखवलं भावाकडे. वडगावच्या कोर्टात तारीख लागली. भावाने वकिलाचं विचारलं, तर पाटीलच म्हणाला, "वकील कशाला रं? सायबापुढं हात जोड अन् चुकलं, पदरात घ्या म्हन. सुटशील."

आमच्याकडे चावडीवर एवढं म्हटलं की भांडण मिटतं. चूक कुणाचीही असो, लहानाने हे म्हणायचं आणि मोठ्याने विषय सोडायचा. भावाने कोर्टात तेच केलं. साहेबांनी गुन्हा कबूल म्हणून लिहून घेतलं आणि सहा महिने सक्तमजुरी दिली. मग पुण्याला अपिलासाठी वकील केला. तो म्हणाला, कबुली दिल्यावर फक्त शिक्षा कमी करा एवढंच मागता येतं. गुन्हा केलाच नाही, हे आता कुणी ऐकायचं नाही. शिक्षा निम्मी झाली, चोर हा शिक्का राहिला. भावाची ठरलेली सोयरीक मोडली, ती कायमचीच. तो कधी चिडला नाही. त्याच्या वाटणीचंही मीच चिडलो.

त्याच रागात मी वडगावला एका वकिलाकडे कारकून झालो. पुढे लढाईच्या दिवसांत, धान्यावर कंट्रोल असताना, पाटलाच्या माळ्यावर दडवलेला तांदूळ सापडला आणि तो माझ्याकडे धावत आला. 'वकील कशाला?' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. वकिलाविना आत गेला असता तर हा माणूस जन्मभर गावात रडत बसला असता, की माझं कुणी ऐकलंच नाही. तेवढंही मला त्याच्यापाशी ठेवायचं नव्हतं. आमच्याच वकीलसाहेबांना मी गळ घातली. ते जीव तोडून बोलले. शिक्षा झाली. पुण्याला अपील केलं, एक दिवससुद्धा कमी झाला नाही. माझ्या जिवाला थंडावा मिळाला.

जामीन संपून तो तुरुंगात जायला हजर झाला, त्या दिवशी भावाला मी मुद्दाम कोर्टात नेलं. पोलीस घेऊन जात असताना पाटील भावासमोर थांबला आणि त्याने हात जोडले. "सागाचं काम माझंच व्हतं. चुकलं, पदरात घे."

चावडीची सवय! भाऊ लगेच पुढे झाला, त्याचे हातही उचलले गेले. मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"म्हंजी गुन्हा कबूल," मी पाटलाला म्हणालो. "आता फकस्त शिक्षेचं बोलता येतंय, पाटील. अन् ती मी कमी करनार न्हाई."

भावाने मनगट सोडवून घेतलं आणि घरी पोचेपर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत राहिला. चालेना का.