बुधवारचा बांगडा

गिरगावातल्या एका पोलीस ठाण्यात मी निरीक्षक असताना ठाकूरद्वारचे एक आजोबा तक्रार घेऊन आले. तो बुधवार काही केल्या डोक्यातून जात नाही. ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसत माझ्या केबिनमध्ये आला. "साहेब, मित्र हरवलाय म्हणतात. मित्राचं आडनाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. मिसिंग घ्यायची तरी कशी?"

आजोबा पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, उजव्या हाताला कंप. बायको वारलेली, मूलबाळ नाही. रोज दुपारी जवळच्या खानावळीत जेवायचे. हात थरथरतो, काटे काढता येत नाहीत, म्हणून मासे सोडले होते. वरण-भात आणि एक भाजी. एका बुधवारी गर्दीत वेटरने पस्तिशीतला एक माणूस त्यांच्या समोर आणून बसवला. आपल्याकडच्या खानावळीत हे चालतंच, खुर्ची रिकामी दिसली की कोणीही येऊन बसतो. त्याने बांगडा मागवला. आजोबा बघत राहिले.

"काका, खायचाय ना? थांबा, मी काटे काढून देतो."

तेव्हापासून तो दर बुधवारी यायचा. सहा महिने. "आता तीन बुधवार आला नाही हो," आजोबा म्हणाले. "फोन बंद. अपघात-बिपघात झाला असेल तर त्याच्याकडे बघणारं कोणी नाही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं नाक तिखट झालं होतं. मी विचारलं, "तो तुमच्या घरी आला होता?"

"आला की. चहाला, दोनतीनदा."

"कपाटाची किल्ली कुठे असते?"

आजोबा चिडले. "साहेब, मी माणूस शोधायला आलोय, कपाट नाही!"

तरी त्यांना घेऊन घरी गेलोच. किल्ली देव्हाऱ्यात होती. कपाटातल्या डबीत त्यांच्या बायकोच्या दोन पाटल्या असायच्या. डबी रिकामी. आजोबांनी झाकण हळूच बंद केलं. "मीच दुसरीकडे ठेवल्या असतील," म्हणाले. मी तापट माणूस. "अहो, चोरी झालीय तुमच्याकडे! त्याने लुटलंय तुम्हाला!" असा ओरडलो की शेजारचं दार उघडलं. तासाभराने त्यांनी जबाबावर सही केली. सही कसली, नुसत्या रेघा.

त्याचा फोन नंबर खोट्या नावावर घेतलेला निघाला. खानावळीच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण पुसलं गेलं होतं. वेटरने वर्णन सांगितलं, पण तशी माणसं मुंबईत पैशाला पासरी. मग मी दादर, परळ, लालबागच्या खानावळींना निरोप दिले, अनोळखी म्हाताऱ्या माणसाला कोणी माशाचे काटे काढून देताना दिसला तर फोन करा. माझ्याच पथकातले हवालदार तोंडावर रुमाल धरून हसले. हसा लेको! पंधरा दिवसांनी लालबागहून एका मालवणी वेटरचा फोन आला. "साहेब, तो इलो. एका आजयेक बांगड्याचे काटे काढून देता हा."

आम्ही त्याला हात धुवायच्या आत उचललं.

चौकशीत त्याने फार त्रास दिला नाही. "साहेब, फसवायला लागतं काय? समोर बसायचं, बस. बाकी सगळं तेच सांगतात. किल्ली कुठे असते तेपण." पाटल्या केव्हाच वितळल्या होत्या. मी विचारलं, "सहा महिने कशाला लावलेस?" तो म्हणाला, "पाटल्या तर दुसऱ्याच महिन्यात बघितलेल्या. पण ते बुधवारची वाट बघायचे ना. जावंसं वाटायचं." खरं की खोटं, देव जाणे. असल्या लोकांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. मुद्देमाल नाही. लालबागच्या आजींचं अजून काही गेलेलं नव्हतं. सगळी भिस्त आजोबांनी त्याला ओळखण्यावर. ओळख परेड तुरुंगात, दंडाधिकाऱ्यांसमोर झाली. तपास करणाऱ्याला आत जाता येत नाही. मी बाहेर फेऱ्या मारत होतो. आजोबा आले आणि म्हणाले, "त्यात तो नव्हता."

माझं डोकं भणाणलं. महिनाभराची मेहनत पाण्यात! परतताना गाडीत आजोबा म्हणाले, "माझी ती मिसिंगची तक्रार बंद नाही ना केलीत?"

मी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला लावली, त्याला खाली उतरवलं. "आजोबा, आता खरं बोला. ओळखलंत ना त्याला?"

"ओळखलं. मला बघून त्याने मान खाली घातली."

"मग?"

"तो चोर ठरला, तर ते सहा महिने मी कोणाबरोबर जेवलो, साहेब?"

मी ड्रायव्हरला हाक मारली. पुराव्याअभावी तो सुटला. एक-दोन बुधवार मी स्वतः खानावळीत जाऊन आजोबांसमोर बसलो. माझ्या हातून बांगड्याचा पार भुगा झाला. "मधला काटा आधी काढायचा असतो," आजोबा म्हणाले. नंतर बंदोबस्त लागले, मी गेलो नाही. गेलो तेव्हा वेटर म्हणाला, "आजोबा येत नाहीत आता." घरी गेलो तर दाराला कुलूप. मध्येच जाणं सोडल्याची मला अजून लाज वाटते.

चोरीच्या पंचनाम्यात गेलेल्या वस्तू लिहितात. पाटल्या मी लिहिल्या. त्यांचे बुधवार कुठे लिहायचे ते कळलं नाही, आणि त्याला चोर ठरवून ते तर त्यांच्याकडून मीच नेले होते.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हिला जाऊन दोन. आता मीही दुपारी त्याच खानावळीत जेवतो, आणि घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत बऱ्याचदा तोंडातून शब्द निघत नाही. गेल्या बुधवारी वेटरने एक तरणा माणूस माझ्यासमोर आणून बसवला. मी चष्मा पुसून बांगड्यातला काटा शोधत होतो.

"काका, देऊ का काढून?"

मी त्याचे बूट बघितले, हात बघितले, बॅग बघितली. सवय जात नाही. मग ताट त्याच्याकडे सरकवलं.