तळ्याची ओहोटी

अंजूरच्या केसरीनाथांना कुणी शिकलेला माणूस म्हणणार नाही, पण पाण्याचं गणित त्यांच्यापुढे कुणी मांडू नये. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखायची तर मातीचा बांध घालावा लागतो, आणि चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. कुणाचा बांध फुटला की पहिलं बोलावणं त्यांना यायचं. गावात तोंडावर कौतुक करायची रीत नाही. ते बोलावणं हेच कौतुक.

सहा वर्षांपूर्वी ती शेती गोदामांखाली गेली. मुलगा देवेश दापोड्यात वाहतुकीचा धंदा करतो. त्याने गेल्या वर्षी अंबाडीच्या पुढे एका तळ्याकाठी घर घेतलं आणि आईवडिलांना तिथे आणलं. घर देखणं, पण तळ्याकडची बाजू म्हणजे नुसता चिखल आणि काटेरी झुडपं. केसरीनाथांच्या बायकोला, कमळबाईंना, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसायची भारी हौस. पहिल्याच वर्षी त्या तिथे घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. देवेशने लगेच विपुल नावाच्या ठेकेदाराला गाठलं. काँक्रीटची उभी भिंत आणि वर लोखंडी कठडा, असं ठरलं. म्हणजे पाणी दिसेल, पण पायाला लागणार नाही.

केसरीनाथ अडून बसले. काठ मीच बांधणार, म्हणाले. देवेशने दिवाळीपर्यंत मुदत दिली. बांध टिकला तर भिंत रद्द, नाही टिकला तर विपुल येणार.

म्हाताऱ्याचे हात शिवशिवतच होते. कामाला त्यांनी मुद्दाम अष्टमी धरली, कारण अष्टमीला भरतीचा जोर कमी असतो. माती मळली, पेंढा कापून ठेवला आणि काठावर बसून राहिले. तासाभराने सून मृणाली चहा घेऊन आली आणि कशाची वाट बघताय, म्हणून विचारू लागली.

"ओहोटीची," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांनी जीभ चावली. तळ्याला कुठली ओहोटी? मृणाली बिचारी हसली नाही, ते जास्त झोंबलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यांनी उभ्या पाण्यातच चिखलाचे गोळे थापले. खाडीत दिवसातून दोनदा पाणी उतरतं, बांधाला वारा-ऊन लागतं, माती धरते. इथलं पाणी हलेचना. ते पायथ्याशी मुक्काम ठोकून राहिलं आणि धनत्रयोदशीच्या आत बांध भिजल्या भाकरीसारखा खाली बसला.

त्या रात्री देवेश जेवताना ट्रकच्या टायरांबद्दल बोलत राहिला. पोराने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं केसरीनाथांना वाटलं. ज्याच्यावर कुणी रागावतही नाही, तो माणूस हिशेबातूनच गेला.

भाऊबीज झाली. सोमवारी विपुल येणार होता. रविवारी सकाळी केसरीनाथ काठावर उकिडवे बसले होते. दसऱ्याला पाण्याखाली असलेला एक दगड चार बोटं वर आलेला त्यांना दिसला. बराच वेळ ते त्या दगडाकडे बघत राहिले, मग चिखलाच्या पायांनीच घरात आले. देवेश पेपर वाचत होता.

"माजं चुकलं," ते म्हणाले. हे वाक्य त्या घरात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. "तल्याला ओहोटी हाय, पन वर्साला एकच. वैशाखात पानी पुरुसभर उतरंल. तवा काठ उतरता कापू न् ऊन खाऊ देऊ. पुडल्या वर्सी दगडाच्या पायऱ्या घालू. त्याच्या पुडल्या वर्सी हरळी धरंल, मंग तुजी आय खुशाल पाय सोडून बसंल."

देवेशने पेपर खाली ठेवला. वडिलांना त्र्याहत्तरावं लागलं होतं, हे त्याच्या मनात आलं असणार. त्याने आईकडे पाहिलं. तोवर तू काय करणार, असं विचारलं.

"तवर लांबून बघीन," कमळबाई म्हणाल्या. "घाई न्हाय मला."

देवेशने विपुलला फोन लावला आणि उद्या येऊ नकोस, म्हणून सांगितलं. कमळबाई तोंड फिरवून ओट्याकडे वळल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. जमीन गेल्यापासून सहा वर्षांत त्यांच्या नवऱ्याने उद्याचंसुद्धा काही ठरवलं नव्हतं. आज त्यांनी एकदम तीन वर्षं मागून घेतली होती.