पार्किंगमधला कडुलिंब

माझा राग लवकर चढतो आणि तितक्याच लवकर उतरतो, असं मी स्वतःबद्दल सांगत असते. घरातले त्यातलं पहिलं अर्धं वाक्य मान्य करतात. ते झाड मी बाबांना रागाच्या भरात दाखवलं, हे आधीच सांगून टाकते. पुढच्या अठरा दिवसांत जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे.

बाबा फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकहून आमच्याकडे कतारला, दोह्यात आले. वय शहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, आणि बारा वर्षांचा मधुमेह. त्यांची बॅग मी रिकामी केली तेव्हा तळाशी गोळ्यांची पाकिटं सापडली. डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी दिलेली आणि एकही न फोडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं बोट टोचून साखर बघितली तर उपाशीपोटी दोनशे अडतीस. मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "प्रवासाचा परिणाम आहे. दोन दिवस कडुलिंबाचा रस चुकला ना."

कडुलिंबाच्या रसाचं नाव काढलं की मला आई आठवते. आईलाही मधुमेह होता. तिलाही गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, पण बाबांचा विश्वास पाल्यावर. रोज सकाळी ते दोन पेले भरायचे, एक स्वतःचा आणि एक तिचा. प्रेमानं भरायचे, हेही खरं आहे. ती बिचारी नाक दाबून प्यायची आणि गोळ्या कपाटात पडून राहायच्या. शेवटी तिच्या किडन्या गेल्या. आईला जाऊन सहा वर्षं झाली. त्याबद्दल मी बाबांना कधी एका शब्दानं बोलले नाही, आणि मनातल्या मनात बोलायची एक दिवसही थांबले नाही.

तर तिसऱ्या दिवशी आमचं वाजलं. मी गोळीचं पाकीट पुढे करायची, ते बाजूला सारायचे आणि विचारायचे, "इथे कडुलिंब कुठे मिळतो?" सकाळी विचारलं, जेवताना विचारलं, संध्याकाळी चहाच्या वेळी पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर मी त्यांना हाताला धरून खिडकीशी नेलं. "ते बघा, खाली पार्किंगमध्ये. अख्खं झाड आहे. जा, ओरबाडा आणि खा हवा तेवढा पाला!"

दोह्यातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही मागच्याच उन्हाळ्यात राहायला आलो. मागच्या भिंतीला लागून, गाड्यांच्या पलीकडे ते झाड होतं. थंडीत त्याची पानं झडली होती आणि नुकती कोवळी पालवी फुटत होती. अधूनमधून पिवळ्या लिंबोळ्यांचे जुने घोस लटकत होते. लिंबोळ्या म्हणजे कडुलिंब, यात मला तरी शंका घ्यायचं कारण दिसलं नाही. मी वाढले नाशिक शहरात, तिसऱ्या मजल्यावर. माझं झाडांचं ज्ञान तेवढंच उंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी सातला स्टीलची वाटी घेऊन खाली जायला लागले. पाऊण तासानं परत यायचे, तोंड वाकडं करून. वाटीच्या तळाशी चुरगळलेली दोन-चार पानं असायची. "आज जरा जास्तच कडू होतं," असं म्हणून बेसिनशी खळखळून चूळ भरायचे. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्लिशमध्ये येतात. तिनं शाळेचा डबा भरता भरता जाहीर केलं, "आजोबा इज ईटिंग अ ट्री."

आणि साखर उतरायला लागली. आठवड्यानं एकशे नव्वद, पंधराव्या दिवशी एकशे बेचाळीस. बाबा मीटर माझ्या नाकासमोर धरायचे आणि मग ऐटीत पेपर उघडायचे.

आता खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. म्हणजे झाला, पण तो नीट झाला नाही. पाल्यानं साखर खरंच उतरत असेल तर आईच्या बाबतीत बाबा चुकले नव्हते. मग सहा वर्षं मी जो राग पोसला तो कशासाठी? वडील डोळ्यांदेखत बरे होत होते आणि मी कुढत होते. याची मला इतकी लाज वाटली की प्रायश्चित्त म्हणून मी एकदम दिलदार झाले. पाडवा जवळ आला होता. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलं, "पाडव्याला ताजा कडुलिंब हवा असेल त्यांनी कळवा, आमच्या पार्किंगमध्ये झाड आहे." दरवर्षी आम्ही सगळे दुकानातला वाळका पाला आणून त्यात गूळ, ओवा, हिंग घालून खातो. त्यामुळे तासाभरात सतरा घरांनी हात वर केले.

बाबांना सांगितलं तर ते चक्क दचकले. "ग्रुपवर कशाला टाकलंस? पाडव्याच्या पानांचं मी बघतो ना."

मला वाटलं, झाडावर हक्क सांगतायत.

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं. आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारा, राहुरीकडचा मुलगा. शेतकी शिकलेला, इथे बागा आणि रस्त्याकडेची झाडं लावणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला. मी एक डहाळी तोडून पाण्यात ठेवली होती ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट केली आणि विचारलं, "ताई, ही कुठली?"

"खालची. आपल्या पार्किंगमधली."

"ताई, हा कडुलिंब न्हाई. बकाण निंब हाय."

मी म्हटलं, निंबच ना मग? तर त्यानं मला डहाळी धरून दाखवली. कडुलिंबाच्या एका देठाला दोन्हीकडे पानं असतात, सरळ. याच्या देठाला आणखी देठ फुटतात आणि त्यांना पानं. कडुलिंबाचं फूल पांढरं, याला फिकट जांभळे तुरे येतात. त्या तुऱ्यांसाठी आणि सावलीसाठीच लोक हे झाड हौसेनं लावतात, भराभर वाढतं म्हणून. मग पाखरं फळं खातात, बिया नेतात आणि नको तिथे रोपं उगवतात. पाइपाच्या कडेला, भिंतीच्या भेगेत, एसीचं पाणी गळतं तिथे. "आम्ही एक लावतो न् मागून चार उपटतो," तो म्हणाला.

मला त्याच्या उपटण्याशी काही देणंघेणं नव्हतं. "औषधी आहे का पण?"

"हाय की. आमच्याकडं ह्याचा पाला धान्यात घालत्यात, किडा लागू नये म्हणून. उवांवर चोळत्यात. खरजेला पाल्याच्या पाण्यानं आंघोळ. जंतांवर सालीचा काढा न् मूळव्याधीला बियांचं चूर्ण देणारे वैदू होते, पण मापात, जाणत्याच्या हातनं. फळं तर इखारी असत्यात. पालाबी रोज खायचा न्हाई." मग माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "का? कुणी खाल्ला?"

"बाबांनी. अठरा दिवस. रोज."

त्यानं डहाळी टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसला. "यल्ला, चला ताई, डॉक्टरकडं."

बाबा आत वामकुक्षी घेत होते. मी त्यांना अक्षरशः उठवून बसवलं. "बाबा, तो कडुलिंब नाही!" ते म्हणाले, "अगं, मला..." मी म्हटलं, "बोलू नका, दम लागेल." त्यांना दम वगैरे काही लागलेला नव्हता. लिफ्टमध्ये त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा गप्प केलं. नवरा रास लफानच्या गॅस प्रकल्पावर ड्यूटीला होता. गाडीतून फोन केला तर तो म्हणाला, "आधी त्यांना विचार तरी, किती खाल्ला ते." मी फोन कट केला. अशा वेळी शांत बोलणारी माणसं मला सहन होत नाहीत.

गाडी चालवताना मनात हिशेब चालू होता. आईच्या पेल्यासाठी मी बाबांना सहा वर्षं मनातल्या मनात दोषी धरलं. त्यांना निदान तो रस औषध आहे असं मनापासून वाटत होतं. मी तर झाड न ओळखता, वैतागून, ओरबाडून खा म्हणाले होते. बाबांना काही झालं असतं तर मी स्वतःचं तोंड आरशात बघू शकले नसते. सिग्नलला मी त्यांच्याकडे वळून बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, थोडे ओशाळल्यासारखे. मला वाटलं, विष अंगात भिनतंय.

क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. मी डहाळीचा फोटो दाखवला, झाडाचं नाव सांगितलं, अठरा दिवस सांगितले, रोज मूठभर सांगितलं. त्यांनी बाबांची नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली. मग त्यांनाच विचारलं, "बाबाजी, रोज कितने पत्ते खाए?"

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "एक भी नहीं."

बाबांनी खुलासा केला, "पहले दिन एक चबाया था. थूक दिया."

"तो फिर शुगर कैसे कम हुई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बाबांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अर्ध्याहून अधिक रिकामं. बाईंनी नाव वाचलं, मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना हसू आलं होतं पण त्यांनी ते आवरलं, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. तरी शहात्तरीचा माणूस आहे, बघून घेऊ म्हणून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्टला तासभर लागणार होता. बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या आधी मी ग्रुपवर लिहिलं, "कडुलिंब रद्द. झाड चुकलं. कुणीही पाला नेऊ नये." मग माझा राग चढला. जीव भांड्यात पडला की तो चढायला मोकळा होतो. "अठरा दिवस नाटक, बाबा? ती वाटी, त्या चुळा?"

"पहिल्या घासालाच कळलं मला. आमच्या शाळेच्या कुंपणाला बकाणाचीच झाडं होती. फळांना हात लावला तर मास्तर छडी काढायचे. कडुलिंब जिभेवर वेगळा लागतो."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू गोळी पुढे केली असतीस."

"पण गोळी तर तुम्ही घेतलीच! माझ्यासमोर घेतली असती तर काय बिघडलं असतं?"

बाबांनी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीची घडी घातली. मग खाली बघूनच बोलले. "त्या दिवशी दोनशे अडतीस बघून घाबरलो मी. परक्या देशात तुझ्या गळ्यात पडायचं नव्हतं. म्हटलं, घेऊन बघू. आठ दिवसांत उतरली गं साखर. आठ दिवसांत. एवढीशी गोळी." त्यांनी चिठ्ठीची घडी पुन्हा उलगडली. "तेव्हापासून झोप नाही मला. हेच तुझ्या आईला दिलं असतं तर? ती नको म्हणत होती तो रस. मीच पाजला. तुझ्यासमोर गोळी घेतली असती तर तू काही बोलली नसतीस. नुसतं बघितलं असतंस."

'तो रस तुम्हीच तिला पाजलात,' हे वाक्य मी सहा वर्षं घोटून घोटून तयार ठेवलं होतं. कधीतरी भांडणात त्यांच्या तोंडावर मारीन म्हणून. ते त्यांनीच म्हणून टाकलं. मला रडू आलं. दुःखाचं म्हणावं तर तसं नव्हतं. जड पिशवी खाली ठेवल्यावर बोटांना जी रग लागते तसं काहीसं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

"आईनंही हट्टानं नाही म्हणायला हवं होतं," मी म्हटलं. "आणि मी वर्षातून एकदा येऊन तुम्हाला लेक्चर देऊन जायचे. कपाट उघडून बघितलं नाही कधी."

नर्स रिपोर्ट घेऊन आली. किडनी ठीक, लिव्हर ठीक. "खलास, घर जाओ," ती म्हणाली. बाबांनी दोनदा शुक्रन म्हणून तिचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे करत होते. बाबा आंघोळ करून स्वयंपाकघरात आले आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणी दे गं. गोळी घ्यायचीय." मी ग्लास दिला. त्यांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायले. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि मी बघतेय हे त्यांना दिसत होतं.

"तुझी आई असती तर काय म्हणाली असती, ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"आता सुचलं का, म्हणाली असती."

"तेच म्हणाली असती," बाबा म्हणाले, आणि पोहे वाढून घ्यायला बसले.