शब्द आणि खुर्ची

वेतवाल्यांना एक खोड होती. कुठेही गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघायची. लोक हॉटेलात गेले की आधी पदार्थांची यादी बघतात. हे आधी खुर्चीचं पोट बघायचे, बोटांनी वेत चाचपायचे, नाकाने 'हं' असा आवाज काढायचे आणि मगच टेकायचे. त्या 'हं'चे दोन प्रकार होते. चांगल्या विणीचा लांब आणि वाईट विणीचा तुटका. बायकोला दोन्ही पाठ होते.

धंदाच तो. वेताची बैठक असलेल्या खुर्च्या विणून देणं. कोमट पाण्यात वेत भिजवायचा, चौकटीच्या भोकांतून ओढायचा, लाकडी खुंटीने अडकवायचा, आधी उभा, मग आडवा, मग तिरका. एका बैठकीला दोन दिवस लागायचे. दुकान एवढंसं, की तिसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याला बाहेर उभं राहावं लागे.

या माणसाचा आणि फ्रेंच बिस्त्रोचा संबंध आला तो असाच, खुर्च्यांमुळे. दुकानासमोर एक बाई बिस्त्रो, म्हणजे फ्रेंच धाटणीची छोटी खानावळ, काढणार होत्या. जागा लहान, टेबलं लहान, फळ्यावर खडूने लिहिलेले पाच पदार्थ, आणि कुठून तरी उचलून आणलेल्या चाळीस जुन्या खुर्च्या. वाकवलेल्या लाकडाच्या, ऐटबाज, पण बैठका फाटलेल्या. ते काम वेतवाल्यांना पाच महिने पुरलं. दर आठवड्याला खुर्च्यांची जोडी पोचवायला गेले, की मालकीणबाई त्यांना त्यातल्याच एका खुर्चीवर बसवून कांद्याचं सूप पाजायच्या. वर भाजलेला पाव आणि त्यावर चीजची तपकिरी साय.

"तुमची खुर्ची, माझं सूप," त्या म्हणायच्या. "दोन्ही एकदम तपासून होतं."

तिसऱ्या आठवड्यात वेतवाले बायकोला घेऊन गेले. तिने सूप संपवलं, पावाच्या तुकड्याने वाडगा पुसून काढला आणि म्हणाली, "अहो, चाळीस खुर्च्या संपल्यावर काय करायचं?"

संपल्यावर काय, दर बुधवारी दुकान बंद ठेवून दुपारी तिथेच जेवायला जायचं, असं ठरलं. लग्नानंतर बावीस वर्षांनी दोघांना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, समोरासमोर बसून बोलायची सवय लागली. घरी भाजी निवडताना न निघणारे विषय तिथे निघायचे.

मग प्रवासातही तेच. वर्षातून एकदा आठ दिवस कुठे तरी जायचं, आणि ज्या गावी जाऊ तिथे आधी बिस्त्रो शोधायचा. आठवणी मात्र दोघांच्या वेगळ्या. ती म्हणायची, "ते नाही का, जिथे मोहरीची चटणी नाकात गेली होती." हे म्हणायचे, "हां, मागचा डावा पाय ढिला होता तेच ना?" आणि बहुतेक वेळा दोघं एकाच जागेबद्दल बोलत असायचे.

एकदा परगावी वेतवाल्यांनी खुर्ची उलटी केली आणि वाढप्याला वाटलं, पाहुणे खुर्ची घेऊन पळताहेत. तो धावत आला, मागून मालक आला. शेवटी मालक आणि वेतवाले दोघंही जमिनीवर बसून खुर्चीखाली डोकं घालून बोलत होते, आणि बायको एकटीच शांतपणे ऑम्लेट खात होती. लेकही बरोबर होती, तेव्हा तेरा वर्षांची. ती पदार्थांच्या यादीमागे जी लपली, ती पाणी प्यायलासुद्धा बाहेर आली नाही.

तीच लेक आता लग्नाची झाली होती. मुलगा तिने स्वतः पसंत केला होता. वेतवाल्यांना तो आवडला, कारण तो बसताना खुर्ची घासत नाही, उचलून घेतो. राहिली होती त्याच्या आईची भेट. मुलाचे वडील लवकर गेले, आईने एकटीने त्याला वाढवलं. दोन गावांच्या मधल्या एका गावात बिस्त्रो होता, तिथे दुपारी जेवायला भेटायचं ठरलं.

आदल्या दिवशी लेक दुकानात आली आणि खुंट्यांचा डबा बाजूला सारून समोर बसली.

"बाबा, एक मागते."

"माग की."

"उद्या खुर्ची उलटी करायची नाही. हात लावायचा नाही. खाली वाकून बघायचंही नाही. त्याची आई फार मोजकं बोलते. माणूस कसा आहे ते ती जेवणाच्या टेबलावर ठरवते, असं तो म्हणाला. माझं सगळं उद्यावर आहे."

वेतवाल्यांनी हातातला वेत खाली ठेवला. "दिला शब्द," ते म्हणाले.

आतून बायको म्हणाली, "जित्याची खोड आहे ती, शब्दाने जायची नाही."

"तू गप गं. दिला म्हणजे दिला."

दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा मुलगा आणि त्याची आई आधीच येऊन बसले होते. बाई ताठ, नीटनेटक्या, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले. सूप गरम ठेवायच्या शेगडीला अगदी लागून बसलेल्या. त्यांनी नमस्कारासाठी मान लववली, तेवढ्यात त्यांच्या खालून बारीक 'चर्र' असा आवाज आला.

वेतवाल्यांनी तो लगेच ओळखला. शेगडीजवळ ठेवून ठेवून वेत वाळून कडकडीत झाला होता. असा आवाज करणारी बैठक फार तर एका जेवणाची सोबती. लेकीची होणारी सासू पहिल्याच भेटीत खुर्चीतून आरपार जाणार, आणि ते आपल्याला ठाऊक असून आपण बघत बसणार. बरं, सांगावं तर खुर्ची उलटी करून दाखवावी लागणार. शब्द तर दिलेला.

"तुम्ही इकडे बसता का?" ते म्हणाले. "तिथे धग लागेल."

"मला धगीची सवय आहे," बाई म्हणाल्या.

"मग असं करा, मला द्या ती जागा. मला थंडी वाजते आहे."

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि वेतवाल्यांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसत होते. लेकीने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. बाई उठल्या, आणि जागांची अदलाबदल झाली.

वेतवाले बसले, म्हणजे बसल्यासारखे दिसले. सगळा भार पुढच्या लाकडावर आणि स्वतःच्या मांड्यांवर. सूप येईपर्यंत ठीक होतं. सूप संपेपर्यंत मांड्या कापायला लागल्या. मग वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी आली, तेव्हा त्यांना तिची चव कळेना, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. बायकोने एकदा टेबलाखाली नजर टाकली, नवऱ्याचे थरथरणारे गुडघे पाहिले, आणि तिला सगळं उमगलं. तिने गुपचूप आपला पाय त्यांच्या पायाला टेकवला. तेवढाच आधार.

बोलणं लंगडत चाललं होतं. हवा कशी, प्रवास कसा, सूप बरं होतं. बाई एकेका शब्दात उत्तर देत होत्या. टेबलावर पावाची टोपली होती, छोटे छोटे अख्खे पाव, तांबूस भाजलेले. बाई सारख्या त्यांच्याकडे बघत होत्या आणि हात मांडीवरून हलवत नव्हत्या. मुलगा आईच्या हातांवर नजर ठेवून होता. वेतवाल्यांना वाटलं, झालं. आपण यांना पसंत पडलो नाही. आपल्याबरोबर त्यांना पावसुद्धा मोडावासा वाटत नाही.

सफरचंदाचा टार्ट आला. बाईंनी चमचा हातात घेतला, परत ठेवला, आणि पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का? मघापासून बघते आहे, तुम्ही नीट बसलेलेच नाही."

"छे छे, बसलोय की," वेतवाले म्हणाले, आणि ते दाखवायला नीट बसले.

बैठक एकदम गेली. वेतवाले चौकटीत असे अडकले की गुडघे हनुवटीला लागले आणि टेबलावर फक्त डोकं आणि बुटांची टोकं उरली. लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्या अवस्थेत वेतवाले तिला म्हणाले, "मी उलटी केली नाही हं."

बाई पुढे वाकल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"आवाजावरून. वेत वाळला की बोलतो."

"म्हणून माझी जागा घेतलीत?"

"हो."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगायचं म्हणजे खुर्ची उलटी करून दाखवायला हवी. आणि खुर्चीला हात लावणार नाही, असा लेकीला शब्द दिलाय. बाहेर गेलं की मी हेच करतो, म्हणून ती लाजते."

बाईंनी सावकाश मान वळवून आपल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा एकदम पाणी प्यायला लागला. मग बाईंनी मांडीवरचा उजवा हात वर काढला, टोपलीतला एक पाव उचलला, कानाशी नेला आणि बोटाच्या पेराने त्याच्या बुडावर टकटक केली. डोळे मिटून ऐकलं.

"भट्टीतून पाच मिनिटं लवकर काढलाय," त्या म्हणाल्या. "नीट भाजला की पोकळ वाजतो, हा भद्द वाजतोय."

"आई," मुलगा कळवळून म्हणाला.

"आई काय आई? तीस वर्षं पाव भाजते आहे मी. आज मला म्हणे, पाव वाजवायचा नाही, चारचौघांत शोभत नाही. शब्द पाळून माणूस कुठे जाऊन पोचतो, ते बघतो आहेस ना समोर?"

हसायला आधी कोणी सुरुवात केली ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही. लेक म्हणते, खुर्चीत अडकलेले बाबाच. मुलगा आणि वाढपी अशा दोघांनी मिळून त्यांना ओढून काढलं. मालक धावत आला, माफी मागायला लागला, तर वेतवाले त्याला शेगडी आणि खुर्ची यांच्यात किती अंतर हवं ते पावलं टाकून दाखवायला लागले. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने खालून पुसा, खालून, वरून नाही, असं तीनदा सांगितलं. तोवर बाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून आतल्या आचाऱ्याला पाव वाजवून दाखवत होत्या. तोही वाजवून बघत होता. दार बंद करायची वेळ झाली तरी कोणी निघायला तयार नव्हतं.

टार्ट तसाच राहिला होता. तो खायला परत बसायचं, तर एक खुर्ची कमी. लेक उठली. शेजारच्या टेबलाची एक खुर्ची तिने आणली, आणि सगळ्या बिस्त्रोच्या देखत ती उलटी करून बाबांच्या पुढ्यात धरली.

"बघा," ती म्हणाली.

वेतवाल्यांनी बोटं फिरवली. लांब 'हं' निघाला. खुर्ची सुलटी करून त्यांनी ती बाईंच्या मागे ठेवली.

"ही उत्तम आहे," ते म्हणाले. "बसा, विहीणबाई."