वेळेवर निघालेला मुराळी

बेळगुंदीच्या मष्णूच्या घराचं दार दोन वर्षं एकाच बिजागरीवर लटकत होतं. बायको मालुबाई ते कडेवर पोर घ्यावं तसं उचलून उघडायची, आणि मष्णू रोज म्हणायचा, "जरा टेकतो, मग बसवतो." एकदा न्हाव्यापुढून अर्धी दाढी झाल्यावर उठला, उरलेली अर्धी पुढच्या बाजाराला झाली. कामाला वाघ होता हो. नांगरावर उभा राहिला की बैल दमायचे, हा नाही. सुरुवात तेवढी त्याच्याच्यानं होत नसे.

यावर गाव हसून मोकळं होई. राजाबाईचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ही त्याची धाकटी बहीण, कणकुंबीच्या रानात दिलेली. नागपंचमीला भाऊ मुराळी होऊन न्यायला गेल्याशिवाय सासुरवाशीण एकटी उठून माहेरी येत नाही. तीन पंचम्या गेल्या. एका साली पावसाचं इरलं विणायचं राहिलं, दुसऱ्या साली शेतातली भांगलण लांबली, आणि तिसऱ्या साली महाशय निघाले तेच मुळी पंचमीच्या दुपारी!

चौथ्या साली, लढाईची भरती चालू होती तेव्हा, आई मनुबाईनं ट्रंकेतली तीन लुगडी चाचपत काढली आणि त्याच्यापुढं टाकली. कसर लागली होती.

"राजीची हाईत, तीन पंचम्यांची. मला अजून थोडं दिसतंय, तवर तिच्या अंगावर बघू दे की रं."

मष्णू उठला तो तसाच निघाला. टोपी घ्यायला आत गेलो तर टेकू, हे त्याचं त्याला ठाऊक. पंचमीला नऊ दिवस होते. मालुबाई भाकरी घेऊन मागं धावली. "अगं बया, ह्यास्नी कुणी काय खायला घातलं?"

वाटेत तो बसला नाही. भाकरी उभ्यानं खाल्ली, विडी उभ्यानं ओढली. दुसऱ्या दिवशी कणकुंबीत पोचला तेव्हा पायांचे खांब झाले होते, पण मान ताठ.

"मावशी, राजीला न्यायला आलोय."

राजाबाईची सासू गुणाबाई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "यंदा लई लवकर उजाडलं, पाव्हणं! आलायसा ते बरं झालं. रोप लावायचं राहिलंय. तेवढं झालं की न्या."

मष्णू चिखलात उतरला. घरी परतलो तर पुन्हा निघणं होणार नाही, म्हणून तिथंच राबला. पाच दिवसांत रोप संपलं. मग बांध घालायचे निघाले. मग म्हैस व्यायला झाली. शेवटी त्यानं हात जोडले, तेव्हा गुणाबाई शांतपणे म्हणाली, "सून माझी हाय. पुढच्या साली बघू."

परड्यात राजाबाईनं त्याला गाठलं.

"आण्णा, कशाला आलास रं?"

"वेळेवर आलो न्हवं?"

"त्येच तर! धाडणार न्हाय, हे सासूनं पैल्या सालीच सांगितलंतं. तू येत न्हवतास तवर बरं चाललंतं. पाणवठ्यावर कुणी इचारलं तर म्हणायची, भाऊ आमचा लई आळशी. बाया हसायच्या, मी बी हसायची. आता काय सांगू?"

मष्णूनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चालू लागला.

पंचमीला तो एकटाच गावात शिरला. पोरीबाळी झोक्यावर, आम्ही सगळे पारावर.

"राजी कुठं हाय रं?" पाराशी वाट बघत बसलेल्या मनुबाईनं विचारलं.

"वाटेवर जांबोटीत एकानं तंबाखू दिली, आये. टेकलो ते टेकलोच."

"नऊ दिवस?"

"व्हय. नऊ दिवस."

सगळा पार पोट धरून हसला. मनुबाईनं त्याचा हात हातात घेतला. बोटांची सालं निघाली होती, नखांत भातखाचराचा चिखल. एकेक बोट तिनं चाचपलं.

"आळशीच हाय माझं पोरगं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि तो हात तिनं पदराखाली घेतला.