‘नाय’ म्हटलं की गुण कापतात

आमच्या शाळेत नाटकाच्या बाई असं पद नाही. मी मराठी शिकवते. नाटक शनिवारी, कार्यानुभवाच्या तासाला बसवते. बाक भिंतीला सरकवले की जी जागा होते, तोच आमचा रंगमंच. शाळा पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या बाजूला, थोडी आत आहे. मुलं आसपासच्या वाड्यांवरून चालत येतात. पंधरा वर्षं हे करते आहे, कंटाळा कधी आला नाही. राग मात्र आला, तीन वर्षांपूर्वी, आणि तो अजून उतरलेला नाही.

त्या पावसाळ्यात डोंगराखालच्या एका वाडीला तलाठ्याने घरं रिकामी करायची नोटीस दिली. तळीयेला दरड कोसळली तेव्हापासून पाऊस वाढला की अशा नोटिसा निघतात, आणि निघायलाच हव्यात. वाडीतली माणसं आमच्या शाळेत राहायला आली. नववीतली एक मुलगी आठ दिवस आजीबरोबर स्वतःच्याच वर्गात निजली. पाऊस ओसरून शाळा भरली तेव्हा तिने आम्हाला आजीची नक्कल करून दाखवली. म्हैस मागे सोडायला ती कशी तयार होईना, तलाठ्याशी कशी भांडली, फळ्याखाली पाय पसरून कोणाकोणाला काय सुनावलं. वर्ग हसून लोळत होता. मग नकलेतली आजी घराची कडी आठवून रडायला लागली.

मी म्हटलं, हेच आपलं नाटक.

मुलांनी ते स्वतः लिहिलं, घरी बोलतात तसंच. आणि मी लाल पेन घेऊन बसले. ‘नाय’चं ‘नाही’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘पन’चं ‘पण’. मी स्वतः शिवथरच्या खोऱ्यातली. बी.एड.ला पुण्यात गेले तेव्हा पहिल्याच पाठाला माझ्या तोंडून ‘हाय’ गेलं आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर तो शब्द मी आईशी बोलतानाही वापरला नाही. मुलांवर तशी वेळ येऊ नये, असं मी स्वतःला सांगत होते. भित्री होते, एवढंच खरं.

तालमीत मुलगी लाकडासारखी उभी राहायला लागली. शब्द चोख, आवाज मोठा, आणि आत काहीच नाही. दोन शनिवार मी तिच्यावर चिडले. तिसऱ्या शनिवारी ती खाली बघून म्हणाली, “बाई, असं बोलले ना, की आजी येत नाय.”

मी सगळ्या दुरुस्त्या खोडल्या. आजी परत आली.

स्पर्धा महाडला होती, आसपासच्या तालुक्यांतल्या शाळांची. परीक्षक शहरातून आलेले, अभिनयाची शिबिरं घेणारे. आमचं नाटक सुरू झालं तेव्हा मागच्या खुर्च्यांवर गप्पा चालल्या होत्या. मुलगी तलाठी झालेल्या मुलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माज्या म्हशीला नोटीस दिलीस काय रे? ती पन त्याच डोंगराखाली हाय.” गप्पा थांबल्या. पुढचा अर्धा तास सभागृहात कोणी खोकलंही नाही. पडद्यामागे मी एका मुलीचा हात इतका घट्ट धरून ठेवला होता की तिने शेवटी सोडवून घेतला.

निकालाआधी परीक्षक बोलायला उठले. आमच्या मुलीत गुण आहेत, असं म्हणाले. पण भाषा अशुद्ध, शिक्षकांनी मेहनत घेतलेली दिसत नाही. मग त्यांनी नाकातून आवाज काढून तिचंच वाक्य म्हणून दाखवलं, ‘हाय’ लांबवून. सभागृह हसलं. मी मुलीकडे पाहिलं. तीही हसत होती, सगळ्यांच्या बरोबर, मान खाली घालून.

मी उभी राहिले. म्हटलं, “सर, हे वाक्य तिने ऐकलेलं आहे, तिच्या आजीच्या तोंडून. तुम्ही ज्या भाषेला हसलात, ती इथल्या अर्ध्या घरांत बोलतात.”

ते रागावले नाहीत. समजुतीच्या सुरात त्यांनी सांगितलं की मी हे मुलांच्या भल्यासाठीच बोलतो, अशा उच्चारांनी त्यांना पुढे कोणी उभं करणार नाही. टाळ्या पडल्या, त्यांच्यासाठी. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमच्या मुलांचे पालक होते. सकाळी गाडीत बसताना माझ्याशी ‘नाय’, ‘हाय’ करत बोलणारी माणसं.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नाही. सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. आयोजकांचा फोन आला होता. परीक्षकांचा अपमान झाला, लेखी माफी द्या, नाहीतर पुढच्या वर्षी शाळेचा प्रवेश घेणार नाहीत. मी माफी लिहून दिली. शुद्ध मराठीत, एकही चूक न करता. मुलांसाठी, म्हटलं. तो कागद आठवला की आजही कानशिलं तापतात. कारण पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला आणि मुख्याध्यापकांनी स्वच्छतेवरची एक छापील संहिता माझ्या हातात ठेवली. त्यातली सगळी पात्रं बंगल्यात राहत होती.

आमचं नाटक आम्ही एकदाच परत केलं, त्या वाडीतल्या देवळासमोर. आजी पहिल्या रांगेत बसली होती. संपल्यावर तिची तक्रार एवढीच, की नाटकातला तलाठी फार गरीब आहे, खरा याच्यापेक्षा जास्त ओरडला होता.

ती मुलगी आता महाडला बारावीत आहे. मागच्या महिन्यात एसटी स्टँडवर भेटली. नाटकाचं विचारलं, तर म्हणाली, अकरावीत नाव दिलं होतं, निवड झाली नाही, नंतर दिलं नाही. तेवढ्यात घरून फोन आला. ती माझ्याकडे पाठ करून, हळू आवाजात बोलली. फोन ठेवून वळली आणि मला बरं वाटावं म्हणून हसत म्हणाली, “बाई, माझी भाषा आता खूप सुधारली आहे.”

मी ‘छान’ म्हटलं. गाडीत बसल्यावर दहा गोष्टी सुचल्या, पोलादपूर येईपर्यंत दात आवळून बसले.

यंदाचा स्पर्धेचा अर्ज आलाय. मुलांनी पुन्हा स्वतःच लिहिलंय, आणि या वेळी मी लाल पेन कपाटातच ठेवलं आहे. अर्जावर ‘नाटकाची भाषा’ असा एक रकाना आहे. मी तिथे ‘मराठी’ लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “प्रमाण ना?”

“मराठी,” मी म्हटलं.

अर्ज चार दिवस त्यांच्या टेबलावर पडून आहे. त्यांनी अजून सही केलेली नाही. मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन विचारते.