तिसऱ्या वळणावर मला काय ऐकू आलं

माझ्या बायकोला, केतकीला, हे ठाऊक नाही. आमच्या लेकीला, इराला नाही. नाशिकला माझा सख्खा भाऊ आहे, त्याच्यापाशी दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा गिळलं. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही आमच्या घरी येणार नाही, केतकीच्या हातचा चहा पिणार नाही. हे काही शूराला शोभणारं कारण नव्हे — पण आहे ते असं आहे.

आधी माझं काम सांगतो, म्हणजे माणूस कळेल. मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर. इथे दुबईत, अल कुसैसच्या गॅरेजांतून हिंडायचं, चेपलेले दरवाजे बघायचे, आणि मालक सांगतोय तशीच धडक झाली की तो काही लपवतोय, ते ठरवायचं. वीस वर्षं हेच. माणूस फार गोड बोलू लागला की मी बंपरखाली वाकून बघतो. ही सवय चपलेसारखी दाराबाहेर काढून घरात यावं — पण जमतं का कुणाला?

समीर आमच्या इथल्या मराठी मंडळातला. शारजात, रोल्लाला त्याच्या वडिलांचं मसाल्याचं दुकान. आठवडाभर हळद-धणे विकायचा आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी चालवायचा. स्टॉक कार म्हणतात त्यांना — छपराच्या, जड, सगळ्या साधारण एकसारख्या. मोठ्या ट्रॅकवर त्या एकमेकींना चिकटून सुसाट धावतात आणि आत बसलेल्याला आजूबाजूचं धड दिसत नाही. म्हणून स्टँडच्या गच्चीवर त्याचा एक माणूस उभा असतो, स्पॉटर. तो रेडिओवर सांगत राहतो — आतल्या बाजूला गाडी आहे, बाहेरच्या बाजूला गाडी आहे, आता मोकळं आहे. त्याच्या शब्दावर ड्रायव्हर वळतो.

हे काम माझ्या बायकोकडे कसं आलं? गणपतीच्या हॉलच्या पार्किंगमध्ये. समीरची पिकअप दोन खांबांच्या मध्ये अडकली होती आणि केतकी मागे उभी राहून तिला आत घेत होती. ये, ये, ये… थोडी डावीकडे… अजून… बस. एक ओरखडा नाही. समीर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, रेडिओवर असंच बोलाल का? माझा स्पॉटर इंग्लिशमध्ये बोलतो आणि बाकीच्या टीम फुकटात ऐकतात. मराठी कोण समजणार? यल्ला, ठरलं!" सगळे हसले. मीही हसलो.

ती नाशिकला शाळेत गणित शिकवायची. इथे आल्यावर दहा वर्षं घर, इराचे डबे आणि मंडळाच्या नाटकाची तालीम. गच्चीवर उभी राहायला लागली आणि बाई पालटली. स्वयंपाक करताना पुटपुटायची — आत, आत, अजून आत, मोकळं. ट्रॅकवर परके ड्रायव्हर तिला ओळखून हात करायचे. उन्हाने रापून यायची आणि जेवताना हातवारे करत सांगायची. नवऱ्याला आनंद व्हायला हवा, नाही का?

मला झाला नाही. मी हिशेब लावत बसलो — ही इतकी खूश का? एरवी 'भाऊजी, तुम्ही' म्हणणारी रेडिओवर 'तू' म्हणते. का, तर घाईत 'तुम्ही' परवडत नाही म्हणे. बरं. मी तिचा फोन बघितला. टायर, वारा, किती वाजता पोचायचं, एवढंच. मी तिच्या गाडीचे किलोमीटर बघितले. घर ते ट्रॅक नेमकं अंतर मी आधीच मोजून ठेवलं होतं. ते जुळत होतं, दर वेळी जुळत होतं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ना? पुरावा सापडत नव्हता, याचाच मला जास्त संशय यायला लागला. मी समीरला पाण्यात पाहू लागलो — आणि मंडळात भेटला की त्याच्या पाठीवर थाप मारत होतो.

आता त्या शर्यतीचं. थंडीचे दिवस होते, दुपारची वेळ. प्रेक्षकांना तिथे हेडफोन भाड्याने मिळतात. चॅनल लावला की ड्रायव्हर आणि त्याचा स्पॉटर यांचं बोलणं ऐकू येतं. चॅनलचा आकडा केतकीनेच मला चिठ्ठीवर लिहून दिला होता. "ऐक हं आज," म्हणाली. तिला वाटत होतं, मी ऐकावं. आणि मला काय वाटलं? ज्याला लपवायचं असतं, तो पुढचं दार मुद्दाम उघडं ठेवतो.

दोन तास ऐकलं. काय शोधत होतो मी? एखादा शब्द, एखादं हसणं. सापडलं ते इतकंच, की माझ्या बायकोचा आवाज इतका शांत, इतका खात्रीचा असू शकतो, हे मला सोळा वर्षांत कळलं नव्हतं. ते मला टोचलं. फार टोचलं.

शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना, तिसऱ्या वळणावर, समीर बाहेरच्या बाजूला सरकला. तिथे दुसरी गाडी होती. पुढचं डोळ्यांदेखत झालं — गाडी फिरली, भिंतीवर गेली, मागच्या दोन गाड्या येऊन आदळल्या. समीरच्या मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. आधीचा अर्धा तास त्याला आजही आठवत नाही. अधिकाऱ्यांनी व्हिडिओ पाहिला, शर्यतीत असं होतं म्हणाले, आणि प्रकरण खलास. आवाजाबद्दल कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते केतकीने. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. त्या रेडिओचं असं असतं — अंगठ्याने बटण दाबून धरलं तरच आवाज जातो. त्या क्षणी आपण बटण दाबलं होतं की नुसतंच ओरडलो, समीर त्यावर काही बोलला का, यातलं काहीच तिला आठवत नव्हतं. तिच्या मुठीत समीरचं घड्याळ होतं, नर्सने सांभाळायला दिलेलं. मी त्या घड्याळाकडे बघत होतो. ती म्हणाली, "मिलिंद, तू ऐकत होतास ना? माझा आवाज आला होता का रे?"

आला होता. स्पष्ट आला होता. 'बाहेर आहे, बाहेर आहे, थांब.' मग समीरचा आवाज — 'दिसतंय, जातो मी.' आणि पुन्हा तिचा — 'थांब!' दोनदा सांगितलं होतं तिने, पुरेशा वेळेत. जगात हे ऐकलेला आणि मराठी समजणारा, शुद्धीवर असलेला माणूस एकच होता.

मी म्हणालो, "नाही. शेवटी काहीच आलं नाही."

तिने मान हलवली. रडली नाही. हेच ऐकायला मिळणार असं जणू तिला ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी ती समीरच्या आईसमोर गेली आणि 'चूक माझी' म्हणून सांगून आली. मी सोबत होतो. समीर पलंगावरून म्हणाला, "अहो वहिनी, सोडा, इन्शाल्ला पाय नीट होईल." नीट झाला नाही, अजून लंगडतो. केतकीने कानाला खडा लावला, पुन्हा ट्रॅककडे फिरकली नाही. आणि मला — सांगायला लाज वाटते — मला बरं वाटलं. सुट्टीच्या दिवशी बायको घरी होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. समीरचं लग्न झालं, मुलगी झाली. त्या दोघांत काही नव्हतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं, असं आता वाटतं. केतकी मात्र निरोप दिला की दोनदा विचारते, पोचला ना? दुकानात भाव विचारला आणि दुकानदाराने लक्ष दिलं नाही, तर पुन्हा विचारत नाही, निघून येते. मंडळाच्या नाटकात आता ती पडद्यामागे कपड्यांचं बघते.

गेल्या महिन्यात इराला लायसन्स मिळालं. पहिल्यांदा शारजापर्यंत जायचं होतं. इरा म्हणाली, "आई, यू सिट विथ मी ना. बाबा गेट्स सो टेन्स." केतकी भाजी निवडत होती. "मी नको ग," म्हणाली, "ऐन वेळी माझ्या तोंडून शब्द निघत नाही. समीरकाकांचा पाय माझ्यामुळेच गेला. बाबा होते तिथे, विचार त्यांना."

अपघात इराला माहीत होता, पण आई त्याचा दोष स्वतःकडे घेते, हे माहीत नव्हतं. तिने चाव्या टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे वळली. "इज दॅट ट्रू, बाबा?"

केतकीनेही हातातली जुडी खाली ठेवली होती. तीही माझ्याकडेच बघत होती — सहा वर्षांनी, त्याच डोळ्यांनी.

मी म्हणालो, "हो."